खात्यावर चार

गोळीबार चौकातल्या आमच्या दुकानात
क्रेडिट म्हणजे उधारी.
रबर लावलेली लाल वही, आत नंदनवारांचं पान,
निखारेबाईंचं पान,
एका मेलेल्या माणसाचंही, जे मी फाडत नाही.
म्हणून केतकी म्हणाली, बाबा, मला चार क्रेडिट मिळतील,
तेव्हा मी आधी विचारलं,
फेडायचे कधी?

ती हसली नाही.
साबुदाण्याच्या कट्ट्यावर बसून समजावलं तिनं,
मी गिऱ्हाइकाला समजावतो तसं :
हे आधी कमवायचं, मग ठेवून द्यायचं,
दोन वर्षांनी कॉलेजात गेले
की तेवढा विषय परत नाही करावा लागत.
म्हणजे जमा, मी म्हणालो.
जमा.
पण सगळीच कॉलेजं मानतील असं नाही हं, बाबा.

आठवीनंतर तिनं शाळा सोडली.
सोडली की आम्ही सोडवली,
यावर घरात अजून एकमत नाही.
मोठ्या वहिनी दर रविवारी :
"पोरगी काय करून राहिली मंग?"
शिकून राहिली, ही सांगते.
"कुठं?"
ही कणीक मळत राहते.

सकाळी मुक्त शाळेची पुस्तकं, दहावीची, मग बारावीची.
दुपारी शटर अर्धं खाली, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी,
आणि मोबाईलवर कुठले तरी लांबचे प्राध्यापक
सव्वापट वेगानं दगडांविषयी बोलणारे,
जणू त्यांचीही गाडी सुटतेय.
हिशेब करता करता मीही ऐकलं थोडं.
आपल्या गावाखाली दोन दगड भेटतात म्हणे.
सीताबर्डीच्या टेकडीपासून पश्चिमेला काळा,
लाव्ह्याचा, थंड झालेला;
आपल्याकडे, पूर्वेला, त्याहून कितीतरी जुना, पट्ट्यापट्ट्यांचा.
"आपण जुन्या बाजूला राहतो, बाबा,"
ती म्हणाली, आणि शटरकडे अशी पाहिली
की मला वाटलं आता भाडं वाढणार.

अर्जात एक रकाना होता : संस्थेचं नाव.
तो रिकामा सोडला तर अर्ज पुढं सरकेना.
रात्री साडेअकराला तिनं तिथं लिहिलं, घर.
सरकला.

परीक्षा हिंगणा रोडच्या एका कॉलेजात.
सोळा वर्षांची ही, बाकी सगळी मिशीवाली पोरं.
गेटवरचा माणूस म्हणाला,
"कोणाले सोडाले आली, बेटा?"
तिनं ओळखपत्र दाखवलं. त्यानं ते उलटं करून पाहिलं,
मग पुन्हा सुलटं.
मी तीन तास कडुनिंबाखाली.
ऐन बाजाराच्या दिवशी दुकान बंद,
गल्ला बुडाला दोनेक हजारांचा, तिला सांगितलं नाही.
शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी विचारलं,
मुलगी कोणत्या कॉलेजला?
अजून नाही, मी म्हणालो.
ते जरा सरकून बसले.

अडुसष्ट टक्के.
(मागच्या वर्षी संख्याशास्त्रात आपटली होती,
तीन दिवस धड जेवली नाही. त्याचं पान वहीत नाही.)
चार क्रेडिट कुठल्याशा खात्यात जाऊन पडले,
खात्याचा आकडा इतका लांब
की मी दोनदा मोजला.

रात्री लाल वहीत एक कोरं पान उघडलं.
वर लिहिलं : केतकी पराते.
नावे बाजू रिकामी. जमेला चार.
चार काय, ते लिहिताना पेन अडलं.
किलो नाही, रुपये नाही.
आतून ओरडली ती, श्रेयांक लिहा!
मी विचारलं, त्यात श्रेय कोणाचं?
आईचं, ती म्हणाली. अंक माझे.
माझं नाव आलंच नाही.

तेवढ्यात निखारेबाई आल्या,
अर्धा किलो साखर, महिनाअखेर देते म्हणाल्या.
मी पान उलटलं, लिहिलं.
सेमिनरी हिल्सवरून तिनं आणलेला काळा दगड
(तराजूवर चारशे बारा ग्रॅम)
वहीवर ठेवला.
कूलरच्या वाऱ्यानं पानं फडफडतात.