एक चिपटं म्हणजे किती

पाकिटावर निव्वळ वजन छापलंच पाहिजे, साहेब म्हणाले,
म्हणून गटानं वसमतच्या मोंढ्याजवळून
बाराशेचा काटा आणला. चपटा, काचेचा,
फुंकर घातली तरी आकडा हलणारा.

कुशावर्ताबाई येसराचं सामान मांडून बसल्या.
त्यांचं माप एकच, जर्मनचं चिपटं,
एका बाजूनं पोचा आलेलं.
"लिही. बाजरी दोन चिपटी,
हरभऱ्याची दाळ एक, धने शिगोशीग,
मिरे मुठीत मावतील तेवढे."
मी वहीत दोन रकाने आखले,
डावीकडं त्यांचं, उजवीकडं काट्याचं.

चिपटंभर बाजरी एकशे नव्वद.
तेच चिपटं धन्याचं, ऐंशी.
जरा आपटून भरलं, अठ्ठ्याऐंशी.
"भांडं तेच, मग आकडा काहून येगळा यायलाय?"
धने पोकळ असतात बाई, मी सांगू लागले,
दाण्यादाण्यात हवा बसते.
"म्हंजे इतकी वर्सं आपून हवा बी मोजायलो की!"
रकान्यात हवेला जागा नव्हती.

रझियाबी पाकिटं चिकटवता चिकटवता म्हणाली,
माझ्या भातावर पाणी बोटाचं एक पेर,
त्याचे मिली किती होतात गं?
कुणाचं बोट, मी विचारलं,
आणि तिघी हसलो.

कुशावर्ताबाईंचे मालक तीस वर्षं
हळदीची पोती काट्यावर चढवायचे.
दिवसभर क्विंटलात बोलणारा माणूस
रात्री ताटावर एवढंच म्हणायचा,
चिमूटभर कमी पडलंय.

मग मिरे.
उजवी मूठ काट्यावर रिकामी केली, एकतीस.
पुन्हा, सव्वीस.
पुन्हा, एकोणतीस.
काटाच बिघडला असंल, त्या म्हणाल्या.
मी खाली बघत म्हटलं, डाव्या हातानं घ्या बरं.
डावा हात सैपाकाला लावायचा नसतो,
त्या उठल्या, मोरीवर दोनदा धुऊन आल्या,
पदराला कोरडा केला.
एकेचाळीस.
पुन्हा एकेचाळीस.
तिसऱ्यांदा चाळीस, एक मिरा घरंगळत चुलीमागं गेला म्हणून.

उजव्या हाताची बोटं
चिकनगुनियापासून तळव्याला टेकत नव्हती.
येसर मिळमिळीत लागतंय, गिऱ्हाइकं वर्षभर म्हणत होती,
आणि आम्ही मिऱ्याचा व्यापारी बदलला होता.
दोनदा.

त्या बराच वेळ
तळहात उघडत मिटत राहिल्या,
झाकण बसत नसलेला डबा बघावा तसं.
रझियाबीनं चिकटवायचं यंत्र बंद केलं.

उजव्या रकान्यात मी लिहिलं, एकेचाळीस ग्रॅम.
डावीकडं काय लिहू, विचारलं.
"मूठच लिही," त्या म्हणाल्या,
"कोन्ची ते नको लिहूस."