सात ग्रॅम

काट्यावर काहीच नाही
आणि काटा म्हणतोय सात.

फुंकर मारली. फडक्यानं पुसला.
ओट्यावर ठेवला, फरशीवर ठेवला,
पोळपाट उलटा घालून त्याच्यावर ठेवला.
शून्याचं बटण दाबलं की
एक श्वासभर शून्य,
मग परत सात,
न बोलावता जेवायला बसणाऱ्या पाहुण्यासारखा.

चारशे एकोणपन्नास रुपये.
वसमतच्या बाजारात सहाशेला होता,
पण तो दुकानदाराच्या पुढ्यात नेऊन आपटता आला असता,
हे तेव्हा हिशोबात धरलं नाही.

प्रज्योत म्हणाला, मम्मी, रिटर्न टाक की,
सात दिवस असतेत.
त्यात कारण विचारतात:
रंग आवडला नाही, उशिरा आला,
तुटलेला निघाला, विचार बदलला.
माझं कारण त्या यादीत नव्हतं.
रिकामा असून भरल्यासारखं बोलतो,
हे कुठं टाकायचं?

खोका मागतात. मूळ खोका, थर्माकोलसकट.
खोका सोमवारीच बंबात गेला,
दोघांच्या आंघोळी झाल्या त्याच्यावर.
थर्माकोलचा शाळेसाठी ज्वालामुखी झालाय,
वरून लाल रंग वाळायचाय अजून.

पार्सलवाल्या पोराला फोन केला.
त्याचं नाव परमेश्वर.
म्हणाला, काकू, मी फक्त देतो,
परत न्यायला मी नसतो.
कुरुंद्याच्या पिनकोडला उचलायची सोय नाही,
नांदेडच्या ऑफिसात नेऊन द्यावं लागंल.
फोन ठेवला आणि मी जरा वेळ
स्क्रीनवरच्या त्याच्या नावाकडं बघत राहिले.

मग वहीच्या मागच्या पानावर मांडलं.
बाईला अर्धं तिकीट, तरी जाता-येता ऐंशी.
स्टँडपासून ऑटो, शंभर म्हणंल, साठावर येईल.
चहा प्यायचा नाही ठरवलं तरी दहा.
आणि कांडप दिवसभर बंद,
तेही मार्चात, मिरचीची पोती दारात, बायका रांगेत,
सहाशे तर कुठंच नाही गेले.
साडेसातशे घालवायचे,
चारशे एकोणपन्नास आणायला.
तेही म्हणे तपासणीनंतर.

शंभर द्यायचं तर एकशे सातला थांबायचं,
एवढंच तर आहे.
वजाबाकी येते मला.

हलीमाबी काळा मसाला घ्यायला आल्या, पावशेर.
मी दोनशे सत्तावन्नला हात थांबवला.
त्यांनी आकडा वाचला, चष्मा वर करून परत वाचला.
"सात जास्तीचे? आजकाल कोण देतंय गं!
बरकत हाय तुझ्या हाताला."
मी म्हणाले, आपा, काटाच खोटा आहे,
जास्तीचं काही नाही त्यात.
त्या हसल्या. "खोटे काटे लई बघितले बाई,
गिऱ्हाइकाकडं झुकणारा हा पहिलाच."

दुसऱ्या दिवशी दोन नव्या बायका आल्या,
पार वरच्या आळीतून.
म्हणे, तुमच्याकडं वर्ताळा मिळतो.
त्यांनाही सांगितलं, सगळं, बोटं मोडून.
त्यांनी मान डोलावली आणि पिशवी पुढं केली.
नंतर आलेल्या बाईला सांगायचं तर
तोंडावरचा रुमाल खाली घ्यावा लागला असता.
घेतला नाही.
मिरचीचा खकाणा होता, हे खरं आहे.

रात्री झोप लागेना.
पाठीमागून कुणी शिव्या दिल्या तर सोसतं माणूस,
फुकटचं चांगलं नाव
अंगाला खाजरं लागतं, मिरचीच्या बीसारखं.
सकाळपासून एकशे दहाला थांबायला लागले.
त्यातले तीन माझे. खरेखुरे.
परवडतं का, ते मांडलं नाही वहीत.

सातव्या दिवशी प्रज्योतनं आठवण केली,
आज रात्री बाराला बंद होतंय बघ.
होऊ दे म्हटलं, आणि घोंगडी अंगावर ओढली.

आठव्या दिवशी सकाळी
देवापुढं दिवा लावला,
कांडपाचं झाकण पुसलं,
काटा चालू केला.
रिकामा.

नऊ.

म्हणजे माझ्या तिनातला राहिला एक.
प्रज्योत, पेन दे रे.