ओला सोडा

दिवाळे गावातली शाळा. नववी ब.
बेचाळीस पोरं आणि एक काटा,
तोही सोहेल मुकादमने बापाच्या मसाल्याच्या दुकानातून
सहाच्या आत परत द्यायच्या बोलीवर आणलेला.

पूर्वी हा धडा मी पिवळ्याने शिकवायचे.
दोन नितळ पाणी एकात एक ओतायची,
सोन्यासारखं काहीतरी खाली बसायचं,
पोरं आईशप्पथ म्हणायची.
तास संपला की नळ्या बेसिनमध्ये.
बेसिनचं गटारात, गटाराचं खाडीत,
मला ठाऊक होतं,
जसं आपल्याला बरंच काही ठाऊक असतं.

मग पालकसभेला हेमांगी नाखवाची आई आली,
पाटी दाराशी ठेवून बाकावर टेकली.
"बाई, त्या पिवल्या पान्याचं पुढं काय व्हतं?"
मी म्हटलं, जातं वाहून.
"आमचे जाल्यात?" असं ती म्हणाली नाही.
नुसतं बघितलं.
त्या रात्री घास उतरला नाही, असंही काही नाही.
उतरला. कोलंबी होती.
सकाळी शिशाची बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं.
अजून तिथंच आहे. कुणी न्यायची, कुठं,
तीन पत्रं लिहिली. किल्ली माझ्याकडे.

आता आम्ही खडू करतो.
कॅल्शियम क्लोराइड अकरा पूर्णांक एक,
सोडा दहा पूर्णांक सहा,
म्हणजे खडू बरोब्बर दहा ग्रॅम.
मी फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.
कणाला कण, जोडीला जोडी,
पुस्तकातलं लांबलचक नाव नंतर सांगू.

दूध झालं. फडक्यातून गाळलं.
चोथा खिडकीत वाळवला, कावळ्यापासून राखला.
दुसऱ्या दिवशी काटा म्हणाला, साडेतीन.
सोहेलने काटा झटकला, फुंकला,
खिशातलं नाणं ठेवून तपासला. काटा खरा होता.
"बाई, साडेसहा ग्रॅम कुणी खाल्ला?"
मी फळ्याकडे बघत राहिले.
माझ्या दोन रेघा माझ्याकडे बघत राहिल्या.

शेवटच्या बाकावरून हेमांगी:
"बाई, सोडा ओला हाय."
वर्ग फुटला. कुठला गं, धुण्याचा का खायचा?
ती हसली नाही. उठून पुढं आली,
सोड्याचा खडा चिमटीत धरला, काचेसारखा, कोरडा ठणठणीत.
"हात लावून नाय कलत. पन आईला टोपलीभर
ओला बोंबील दिला, तर वलनीवरनं मूठभरच येतो.
वजन पान्याचं असतं. गिऱ्हाईक ओल्याचं पैसं देत नाय."

मी पाकीट उलटं केलं.
मागं बारीक अक्षरात, सोड्याच्या एका कणाशेजारी
पाण्याचे दहा कण निवांत बसलेले.
एकशे सहा नाही, दोनशे शहाऐंशी.
वीस वर्षं शिकवतेय मी.
पुसलं. पुन्हा लिहिलं. हात जरा हलला.

गाळलेलं पाणी सुदैवाने बादलीत होतं.
त्यात अठरा ग्रॅम सोडा आणखी.
पाणी परत पांढरं झालं,
आणि वर्गाने जो आवाज केला
तो पिवळ्याला कधी मिळाला नव्हता.
जे उरलं होतं ते वाट बघत होतं, एवढंच.

दोन्ही चोथे मिळून साडेनऊ भरले.
अर्धा ग्रॅम फडक्याला, काचेला,
थोडा प्रज्ज्वल सरोदेच्या नाकाला.
त्याचाही हिशेब वहीत मांडायला लावला.

बादलीत आता मिठाचं पाणी, चिमूटभर सोड्याचं.
बोट बुडवून चाखू नका, मी ओरडले, प्रयोगशाळा आहे.
हेमांगीने बादली उचलली, बेसिनपर्यंत नेली,
थांबली, माझ्याकडे बघितलं.
मी मान हलवली.
खाडीला मीठ काही नवं नाही.

खडू मात्र भुसभुशीत झाला.
फळ्यावर ओढला तर मोडला,
जेमतेम एक आकडा उमटला, तोही फिकट.
शिपाईमामांना म्हटलं, आज फळा पुसू नका.