डाव्या हाताची खिडकी

झाग्रेब स्टेशन, खिडकी क्रमांक चार, आंतरराष्ट्रीय.
मी अजून शिकाऊ,
म्हणून ल्येर्काबाईंच्या मागे, स्टुलावर.

समोर ते दोघं.
नेवेन्काच्या हातात औषधाच्या पिशवीवर लिहिलेली यादी:
ल्युब्लियाना दोन रात्री, फिलाख एक,
साल्झबुर्ग तीन, म्युनिक दोन, आणि परत.
खाली दोन रेघा मारून: स्वस्तातलं.

ल्येर्काबाई टाइप करतात दोन बोटांनी,
मटार सोलावेत तशा, एकेक.
सोमवारचा मंगळवार केला तर एकोणीस युरो वाचतात.
नेवेन्का मंगळवार घेते,
आणि भाजीवर मूठभर मिरच्या मागाव्यात तशी
परतीच्या तिकिटावरही काही सुटतं का विचारते.
फिलाखला गाडी बदलायला अकरा मिनिटं.
"गुडघ्यांना पुरतील?"
"फलाट तोच आहे. जिना नाही."

रांग वाढते. मागे एक मुलगा
पाठीवरची सॅक उतरवतो, पुन्हा चढवतो.

इतका वेळ गप्प असलेला ड्रागुतिन
टोपी काढून काचेच्या भोकाशी वाकतो.
वेर्बिनाला थांबते का गाडी?

यंत्रात वेर्बिना नाही.
मी जुनं जाडजूड वेळापत्रक काढते.
त्यात आहे, पण शिसपेन्सिलीनं कुणीतरी खोडलेलं.
"नाही थांबत," ल्येर्काबाई म्हणतात. "आता तिथे काहीच थांबत नाही."
"मग उजेडी जाईल अशी गाडी द्या.
आणि नदीच्या बाजूची खिडकी."

नेवेन्का कपाळाला हात लावते.
चार शहरं जमवली मी, महिनाभर बसून,
आणि ह्यांचा जीव कशात, तर संडासाएवढ्या एका केबिनमध्ये!
सैन्यात असताना रंगवली होती म्हणे. पिवळी.

"दोन हात दिले होते," ड्रागुतिन मला सांगतो, का कोण जाणे मलाच.
"तिसऱ्याला रंग पुरला नाही."
आणि टोपीची कड चाचपत,
"तेव्हा तो परदेश नव्हता."

यंत्राला आसनाचा आकडा कळतो,
नदी कळत नाही.
ल्येर्काबाई चष्मा कपाळावर ढकलतात,
खुर्ची पश्चिमेला फिरवतात, डोळे मिटतात,
डावा हात जरासा बाहेर काढतात
आणि बसल्या जागी झाग्रेब सोडतात.
दोबोवा. क्रश्को. ओठ हलतात.
बोटं अशी, की पाण्यात बुडवलीत.
सगळी रांग वाट पाहते. सॅकवालासुद्धा.
"डावीकडे," डोळे उघडून त्या म्हणतात.
"सेव्हनित्सापर्यंत तरी डावीकडेच."

आसन एक्केचाळीस, त्रेचाळीस.
सगळं मिळून दोनशे अठरा.
नेवेन्का नोटा दोनदा मोजते, मग विचारते,
एक्केचाळीस खिडकीची ना? ती ह्यांना.
मला उन्हाचा त्रास होतो.

काचेखालून सहा तिकिटं सरकतात.
पाच तिच्या पर्समध्ये जातात.
एक तो शर्टाच्या खिशात ठेवतो, आणि वरून हात.

ते गेल्यावर मी विचारलं,
पाडली असेल तर, ती केबिन?
ल्येर्काबाई अंगठ्यावरची शाई पुसत होत्या.
"आपण डावी बाजू विकली," म्हणाल्या.
"पिवळा रंग नाही."

सॅकवाला पुढे आला.
ग्राझ, एक. जागा कुठलीही.

"कुठलीही म्हणजे कुठली?"
मी स्टुलावरूनच विचारलं.