दोन पावलं डावीकडे

सकाळी मी एकदम उठत नाही,
हप्त्याहप्त्याने उठतो.
आधी डोळे. मग मान.
बोटं सगळ्यात शेवटी,
रात्रभर डेकवर राहिलेल्या दोरासारखी,
मिठाने ताठलेली, वाकवली की करकरणारी.

तेवीस वर्षं मी फेरीबोटीचा दोर फेकला.
धक्क्यावरचा लोखंडी खुंट
मला काळोखातही सापडायचा.
आता रुबार्बच्या मुरंब्याची बरणी
समोर दिसते, आणि उघडत नाही.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात.
आमच्या फेरो बेटांवर हत्ती कुठला?
हे मेंढरासारखं आलं.
कुंपणात कधी शिरलं कळलंच नाही
आणि हाकललं तरी
पुन्हा तिथेच येऊन चरतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे आतड्याचंच आहे.
म्हटलं, बाई, दुखतोय गुडघा.
त्या म्हणाल्या, तेच तर.
आग लागली पोटात
आणि बंब निघाले घोट्याकडे, मनगटाकडे,
जिथे काहीच जळत नव्हतं
तिथे पाण्याचा मारा करून
भिंती फुगवून ठेवल्या.

सगळं गाव पाठदुखीवर
ज्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खातं
त्या मला वर्ज्य.
सांधा निववतील, आतडं पेटवतील.
म्हणून गरम पाण्याचं घमेलं,
घरातसुद्धा लोकरीचे हातमोजे,
आणि दर आठ आठवड्यांनी
समुद्राखालच्या बोगद्यातून टोर्सहाव्नच्या इस्पितळात,
नळीतून थेंबाथेंबाने उतरणारे दोन तास.

शेजारच्या खुर्चीत रान्वा असते, सोळा वर्षांची.
तिच्या फोनवर
बेटांवरच्या सगळ्या संडासांचा नकाशा आहे.
मी तिला एक नवा दिला:
उत्तरेकडच्या शेवटच्या चर्चमागे,
कडी नाही, दार पायाने रेटून बसायचं.
दोघं खूप हसलो.
मग तिने विचारलं,
गुडघे कधी थांबतात?
मी खरं सांगितलं नाही. खोटंही नाही.
म्हटलं, भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक मिळतं,
याचं मिळत नाही.
पण ओहोटी यालाही असते.

परवा सभागृहात साखळीनाच होता.
वाद्य नसतंच त्याला, लाकडी जमीन हाच ढोल.
दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे.
हे गणित माझ्या आजाराला पाठ आहे.
पण हात धरावे लागतात,
आणि प्रत्येक ठेक्याला ते हिसडतात.
मी कॉफी घेऊन भिंतीशी.

साखळी वळून आली तशी
मालविना म्हातारीने तिची कडी सोडली
आणि काही न विचारता मला आत ओढलं.
बोटांना हात लावला नाही.
कोपराच्या वर धरलं,
ओला दोर धरतात तसं:
आवळायचं नाही, सोडायचंही नाही.
पलीकडच्या बारदूर मेकॅनिकने ते पाहिलं
आणि माझा दुसरा दंड धरला.

अकरा कडवी नाचलो.
बाराव्याला पोटाने बोलावलं,
पळालो.
परत आलो तेव्हा
माझ्याएवढी एक फट
साखळीतून गोल फिरत होती.

आज गुडघ्याचा भोपळा झालाय.
टेबलावर मुरंब्याची बरणी,
झाकण नुसतंच वर टेकवलेलं,
फिरवून न लावता.
सुन्निवा खिडकीतून बोटींकडे बघतेय,
जशी काही तिला
झाकणाची गोष्ट माहीतच नाही.
मीही पाव कापायला घेतो.
जाड कापला जातो.