सत्त्याण्णव वजा

हडर्सफील्डला, गालिच्यांच्या दुकानावरच्या आमच्या खोलीत
तिमाही संपत आली की बिलांना वास यायला लागतो.
कुणाच्या व्हॅनमधल्या डिझेलचा, कुणाच्या तळलेल्या माशांचा.
डेरिक हेग यांच्या बिलाला सरसाचा.
बारा खुर्च्यांच्या बैठका, नवं कापड, तीनशे चाळीस पौंड,
वर व्हॅट अडुसष्ट,
आणि तळाशी निळ्या पेनानं, कागद उमटेल इतका दाबून
लिहिलेला नंबर.

कॉम्प्युटर म्हणाला, चूक.
कुठे, ते नाही म्हणाला. त्याची तशी रीत नाही.

म्हणून मी पेन्सिल काढली.
आकडे नऊ. त्यातल्या पहिल्या सातांना
आठपासून दोनपर्यंत पायऱ्या उतरत गुणायचं.
आठ चोक बत्तीस,
सात साती एकोणपन्नास,
सहा त्रिक अठरा...
पलीकडून मॉरीननं विचारलं, प्रार्थना म्हणतेस का?
जवळजवळ, म्हटलं.
मध्ये एक शून्य आलं. त्यालाही चारनं गुणलं, इमानानं.

फलटणच्या शाळेत मोडकबाई सांगायच्या,
पाढे पाठ असले की माणूस कुठे अडत नाही.
मी पुष्कळ ठिकाणी अडलेय, बाई.
इथे नाही.

बेरीज एकशे सहासष्ट.
त्यातून सत्त्याण्णव काढायचे. उरले एकोणसत्तर.
आता पुन्हा सत्त्याण्णव. नाहीत, तरी काढायचे.
शून्याच्या खाली जाईपर्यंत काढत राहायचं,
आणि जेवढ्याला खोल गेलो
तेवढेच शेवटचे दोन आकडे असले पाहिजेत.

अठ्ठावीस.
बिलावर ब्याऐंशी.

नव्या नंबरांना आधी पंचावन्न मिळवतात.
तेही करून पाहिलं. सत्तर आले. नाही.

ब्याऐंशी, अठ्ठावीस.
दोन माणसं बाकावर जागा बदलून बसावीत, तेवढंच.
पेन्सिलीनं मलाच फिरवता आले असते.
पण दुसऱ्याच्या बिलाला हात लावायचा नाही, हा नियम,
आणि नियम नसता तरी मी फोन केला असता.

बराच वेळ वाजला. मग मागे खिळे ठोकल्याचा आवाज, मग खोकला.
बिलं आयरीन करायची, लव्ह, ते म्हणाले.
तिचा शिक्का आहे. पॅड वाळून गेलं फेब्रुवारीपासून.
मी रबरावरूनच वाचून उतरवतो.

डोळ्यांसमोर आला तो शिक्का.
आरशात असावा तसा उलटा नंबर, दुमडलेल्या बाहीएवढा लहान,
आणि चष्मा कपाळावर सरकवून
उजवीकडून डावीकडे येणारे एक कारागीर गृहस्थ,
एकेक आकडा सुलटा करत.
सात नीट आणले त्यांनी.
शेवटच्या दोघांशी येऊन सवयीनं डावीकडून वाचलं.

मी आयरीनबद्दल काही विचारलं नाही.
तारीख त्यांनीच सांगून टाकली होती.
म्हटलं, अठ्ठावीस असेल बघा.
शांतता. शिक्का उचलल्याचा, दिव्याखाली नेल्याचा वेळ.
हो की, म्हणाले. तुला कसं कळलं?

कसं सांगणार?
हा हिशोब एवढंच सांगतो की असा नंबर असू शकतो.
तो कुणाचा, दुकान चालू आहे का,
बारा खुर्च्या खरंच शिवल्या का, दिव्याखाली कोण एकटं बसलंय,
यातलं काही सत्त्याण्णवला ठाऊक नाही.
पाढे येतात, एवढंच म्हटलं.
आमच्या शाळेतही बारापर्यंत म्हणवून घ्यायचे, ते म्हणाले,
आणि सातावरच थोडे अडखळले.

गुरुवारी नवं बिल आलं.
जांभळा शिक्का, थोडा तिरका,
शाई इतकी की कडेला अंगठाही उमटलेला.
कॉम्प्युटर म्हणाला, बरोबर.

तरी मी पेन्सिल घेतली.
आठ चोक बत्तीस.
मॉरीननं या वेळी रेडिओ बारीक केला.