हातचा

ईरी शहरातल्या ग्रंथालयाच्या तळघरात
फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत
दर शनिवारी मी लोकांचे टॅक्सचे फॉर्म भरून देतो. फुकट.
कोटांवरचा बर्फ वितळतो, खुर्च्यांखाली डबकी होतात.
एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत हिशेब लिहिले मी,
बेरजेपेक्षा वजावटीवर माझा हात बसलेला.

गिरणीनं एकदा जर्मनीहून यंत्र आणलं, दोन मजली उंच.
पुढची कित्येक वर्षं ते धडधडत होतं,
पण वहीत मी त्याला पहिल्याच वर्षी म्हातारं केलं.
घसारा म्हणतात त्याला. कायद्यात बसतं.
त्या साली दिसला तो तोटा पुढच्या सालात ओढला,
हातचा धरतात तसा,
आणि भरभराटीच्या वर्षी गिरणीचा कर आला शून्य.
साहेबांनी मला पेन दिलं.
अजून चालतं ते.

आज पहिले आले गोर्स्की. वय चौऱ्याहत्तर.
जन्मभर पगारातून, कर कापायच्या आधी, बाजूला टाकत गेले,
बायकोला घेऊन समुद्राकाठी राहायचं म्हणून.
आता कायदा म्हणतो, पुरे झालं साठवणं,
दरसाल इतके तरी काढाच.
काढले. त्यावर कर बसला.
"एकट्यानं खर्चू कशावर?" म्हणाले,
आणि सही केली, अगदी रेषेवर, शाळेतल्यासारखी.

मग टकर नवराबायको.
ती वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात, तो पालिकेच्या गाडीनं रस्त्यावरचा बर्फ ढकलतो.
मी नेहमीचंच विचारलं, मुलं किती?
तो म्हणाला एक.
ती म्हणाली दोन.

अठ्ठावीस डिसेंबर. नऊ तास.
नाव ओडेसा.
सरकारी नंबर मिळायच्या आतच, म्हणून
जन्माचा दाखला आणलेला, प्लॅस्टिकच्या पाकिटात.

नियम मला पाठ आहे,
तरी पुस्तक उघडलं, त्यांच्याकडे बघायला नको म्हणून.
जिवंत जन्मलं आणि त्याच वर्षी गेलं,
तर मूल अख्ख्या वर्षाचं धरावं.
घरात किती महिने राहिलं, या चौकटीत
लिहायचं: बारा.

"बारा?" तो म्हणाला. "खोटं नाही ना होत?"
"मार्चपासून तर होतीच," ती म्हणाली,
आणि बोटांवर मोजू लागली,
डिसेंबरपाशी थांबली.

मी बारा लिहिलं. साहेबांच्याच पेननं.
सवलतीचा आकडा खाली आला, चार आकडी.
त्यानं विचारलं, हे नक्की कशाचे?
यंत्राच्या म्हातारपणाला माझ्याकडे शब्द होता.
"तुमचेच आहेत," एवढंच म्हणालो.

तोटा किती सालं पुढे नेता येतो, गिरणीसाठी मी शोधून काढलं होतं.
यांच्या फॉर्मवर तशी ओळच नाही.

अस्सल दाखला ती देईना. बरोबरच होतं.
मी जिन्याखालच्या यंत्रावर त्याची प्रत काढली,
पावलाचा ठसा जरा काळपट आला.
पानाला दहा सेंट. माझ्याच खिशातले टाकले.
ते कुठेच वजा होत नाहीत.